आपला जिल्हा, आपले शेजारी

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात एका माध्यमिक शिक्षकाने, बी. ए., बी. एड., केलेले भाषण)



'रायगड जिल्ह्यातील लोक आणि त्यांची संस्कृती' या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीस साहेबांची आज्ञा झाली. विषय ऐकून विद्यार्थ्यांना वाटेल की, आता गुरुजी भूगोलाचा धडा काढणार. क्षेत्रफळ, पर्जन्यमान, मुख्य पिके! घाबरू नका. ते तुम्ही पूर्वीच पाठ केले आहे. आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते माणसांविषयी. ज्यांच्या शेजारी आपण पिढ्यान्‌पिढ्या राहत आलो आणि ज्यांची आपल्याला दिवसेंदिवस कमी माहिती उरली आहे त्यांच्याविषयी.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. आपला जिल्हा मुळात एकसंध नव्हता, तो तुकड्या-तुकड्यांनी जोडला गेला. पेशवाईच्या अखेरीस, १८१८ साली, काही मुलूख इंग्रजांकडे गेला. अलिबागचे आंग्रे संस्थान १८४० मध्ये खालसा झाले. १८६९ साली कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा हा टापू मात्र जंजिऱ्याच्या नबाबाकडे आणि सुधागड भोर संस्थानाकडे होता. हे दोन्ही १९४८ साली भारतीय संघराज्यात विलीन झाले, तेव्हा जिल्ह्याचा आजचा नकाशा पुरा झाला. १९८१ साली बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना 'कुलाबा' जाऊन 'रायगड' हे नाव आले. हे मुख्यमंत्री म्हसळा तालुक्यातील आंबेतचे, आपल्याच कोकणी मुसलमान समाजातले, आणि जिल्ह्याला नाव दिले ते शिवछत्रपतींच्या राजधानीचे. या एका गोष्टीतही आपल्या जिल्ह्याचा स्वभाव दिसतो.

आज पंधरा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २६ लाख ३४ हजारांच्या घरात आहे. यांत किती तऱ्हेची माणसे आहेत, ती एकदा मोजून पाहू या.

किनाऱ्यापासून सुरुवात करू. उरणपासून श्रीवर्धनपर्यंत बंदराबंदरावर कोळीवाडे आहेत. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याशिवाय कोळी बांधव होडी लोटत नसत, अशी जुनी रीत. त्यांच्या पाठीमागे खाडीकाठी आगरी समाज. मिठाची आगरे पिकवणारा तो आगरी, असे त्या नावाचे मूळ सांगतात. समुद्राचे खारे पाणी बांध घालून अडवायचे आणि त्या जमिनीत भात पिकवायचे, ही विद्या त्यांची. बांध एकाच्या शेतापुढे फुटला तरी पाणी सर्वांच्या शेतात शिरते; म्हणून बांधाची राखण सगळ्यांनी मिळून करायची असते. वरच्या अंगाला, महाड, पोलादपूर, माणगावकडे, कुणबी आणि मराठा शेतकरी. किनाऱ्याच्या वाड्यांतून नारळी-पोफळीची बागायत करणारे ब्राह्मण आणि माळी. श्रीवर्धनचा रोठा सर्वत्र नावाजलेला आहे, आणि ज्या भट घराण्यातून पेशवे झाले ते घराणेही श्रीवर्धनचेच. कचेऱ्यांतून आणि दफ्तरांतून लेखणी चालवणारे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. महाडच्या परिसरात आणि अन्यत्रही बौद्ध समाज. डोंगरात ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातील सुमारे साडेअकरा टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत.

आणि आपण? आपण केव्हापासून आहोत, असा प्रश्न विद्यार्थी पुष्कळदा विचारतात. दहाव्या शतकाच्या आरंभी अल्-मसूदी नावाचा अरब प्रवासी सैमूर येथे येऊन गेला. सैमूर म्हणजे आपल्या अलिबाग तालुक्यातील चौल, असे अभ्यासक मानतात. तेथे मुसलमानांची मोठी वस्ती आहे आणि त्यांचे तंटे मिटवण्यासाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला आहे, असे त्याने लिहून ठेवले आहे. तो राजा शिलाहार वंशातला. म्हणजे हजार वर्षांहून अधिक काळ आपण या किनाऱ्यावर आहोत. बव्हंशी व्यापाराच्या वाटेने आलो आणि येथल्या मातीत मिसळून गेलो. येथे पुष्कळ काळ खलाशी, व्यापारी, शेतकरी, काझी, खतीब, मुकादम अशा नाना नात्यांनी राहिलो. आपण शाफई पंथाचे, कारण आपला संबंध खैबरच्या वाटेपेक्षा अरबी समुद्राशी अधिक.

जंजिऱ्याचे सिद्दी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेले. 'जंजिरा' हा शब्दच अरबी 'जझीरा' म्हणजे बेट यावरून आला. आफ्रिकी वंशाच्या एका घराण्याने कोकणच्या किनाऱ्यावर १९४८ पर्यंत राज्य केले, ही गोष्ट जगाच्या इतिहासात विरळा आहे. परंतु मुरूडच्या कितीशा मुलांना ती नीट सांगता येईल?

नवगावच्या किनाऱ्यावर फार प्राचीन काळी एक गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरा सांगते. हे यहुदी लोक गावोगाव घाणे चालवून तेल गाळत. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांची मायबोली मराठी. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. पण अलिबाग, रेवदंडा, पनवेल येथील त्यांची प्रार्थनामंदिरे उभी आहेत, आणि तिकडच्या वयस्कर मंडळींच्या तोंडी अजून मराठी आहे.

रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई लागते. तेथील ख्रिस्ती वस्तीत जी भाषा बोलतात ती ना मराठी ना पोर्तुगीज. दोहोंच्या मिलाफातून झालेली तिसरीच. 'नॉ लिंग', म्हणजे 'आमची भाषा', असे ते तिला म्हणतात. पोर्तुगीज चौल सोडून गेले १७४० साली. राज्य गेले, शिपाई गेले, गलबते गेली. पण अवघ्या हजारभर माणसांनी ती भाषा पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ घराघरांतून जपली. जगभरचे भाषाशास्त्रज्ञ तिच्यासाठी कोर्लईला येतात. आपण मात्र मुरूडच्या एस.टी.त बसून तिथूनच जातो आणि किल्ला तेवढा पाहतो.

पालकहो, ही यादी ऐकून तुम्ही म्हणाल, इतके वेगवेगळे लोक एका जिल्ह्यात नांदले कसे? त्याचे उत्तर फार गूढ नाही. त्यांना एकमेकांची गरज होती. कोळणीची मासळी कुणब्याच्या घरी जाई आणि कुणब्याचे भात कोळ्याच्या घरी येई. बेने इस्राएलांच्या घाण्याचे तेल सर्वांच्या दिव्यात जळे. कातकऱ्याने आणलेला मध, डिंक आणि लाकूडफाटा कोणी परका म्हणून नाकारला नाही. नबाबाच्या दफ्तरात प्रभू कारकून होते आणि शिवछत्रपतींच्या आरमारात दौलतखान होता. अशा व्यवहारातून ओळख झाली आणि ओळखीतून भाषा, चालीरीती, खाणेपिणे एकमेकांच्या घरात शिरले.

याची साक्ष आपल्या रोजच्या जिभेवर आहे. कोळी बांधव होडीच्या मालकाला 'नाखवा' म्हणतो, तो फारसी 'नाखुदा'. 'बंदर' फारसी, 'खलाशी' अरबी, होडीचे 'सुकाणू' तेही अरबी. हे शब्द कोणी शाळेत शिकवले नाहीत; ते होडीवरून आले. आडनावे पाहा. पेणचा तो पेणकर, रोह्याचा तो रोहेकर, चौलचा तो चौलकर. नुसते आडनाव सांगितले तर माणूस हिंदू, मुसलमान की बेने इस्राएल, हे पुष्कळदा ओळखता येत नाही. एवढेच कळते की तो कोणत्या गावचा. स्वयंपाकघरात डोकावा. आपल्याकडे सणाला तांदळाचे सांदण होते. हिंदू घरात फणसाचे सांदण होते. बेने इस्राएलांच्या घरीही सांदण होते. आपण फातेह्याला मलिदा करतो. ते एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोहे, खोबरे आणि साखरेचा मलिदा करतात. नाव एक, जिन्नस वेगळे. तांदळाची भाकरी आणि मासळीचे कालवण तर सर्वांचेच!

मात्र मी तुमच्यापुढे केवळ गोडगोड चित्र रंगवणार नाही. आपल्या मुलांना खरे सांगितले पाहिजे. जंजिऱ्याच्या सिद्दीचे मराठ्यांशी आणि आंग्र्यांशी पिढ्यान्‌पिढ्या युद्ध चालले आणि त्यात दोन्ही बाजूंची गावे होरपळली. खोतीच्या पद्धतीत कुळे भरडून निघाली. खोत अनेक जातींत होते, आपल्या समाजातही होते. आजही 'खोत', 'सरखोत' ही आडनावे आपल्यात आहेत. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी शेतकऱ्यांनी १९३३ पासून सुमारे सहा वर्षे जमिनी न कसण्याचा संप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पाठिंबा दिला आणि १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४९ साली खोती कायद्याने गेली. म्हणजे नुसत्या शेजारधर्माने न्याय मिळत नाही. त्याकरिता माणसाला संघटित व्हावे लागते, कायदा करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी शिकावे लागते.

महाडची हकिकत तुम्ही अभ्यासक्रमात वाचता. पण तिचा एक भाग पुस्तकात सहसा नसतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अस्पृश्य बांधवांसह चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर सनातनी जमावाने त्यांच्यावर हल्ला केला, तेव्हा काही जणांना महाडच्या मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरायची होती. मंडपासाठी जागा द्यायला कोणी तयार होईना. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. त्या जागेवर २५ डिसेंबर १९२७ रोजी परिषद भरली. पुढे १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळ्यावरचा सर्वांचा हक्क मान्य केला.

उरणजवळच्या चिरनेर गावी २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला आणि पोलिसांनी गोळीबार केला. तेथील हुतात्म्यांच्या यादीत पाटील आहेत, म्हात्रे आहेत, कोळी आहेत, न्हावी आहेत आणि नवश्या कातकरीही आहेत. जंगल सर्वांचे होते, म्हणून त्यासाठी प्राण देणारेही सर्व जातींचे निघाले.

ही नावे मी मुद्दाम सांगितली. फत्तेखानांचे नाव ऐकून आपली छाती फुगते, आणि ती फुगावीही. परंतु त्यांनी जागा दिली ती १९२७ साली. आज आपण कोणाला काय देत आहोत?

मागच्या वर्षी नववीच्या वर्गात मी एक सोपा प्रश्न घातला. गावाबाहेर कातकरवाडी आहे. तेथील कोणाही एका माणसाचे नाव वहीत लिहा. वर्ग शांत झाला. पाच-सहा जणांनाच नाव लिहिता आले, आणि तेही त्यांच्या घरी लाकडे आणून देणाऱ्या बाईचे. मग मी विचारले, कुवेत, दुबई, दोहा येथे आपल्या गावची माणसे कोणत्या भागात राहतात? तेव्हा हात भराभर वर झाले. मुलांचा यात दोष नाही. वडील तिकडे आहेत, रोज संध्याकाळी फोनवर तिकडचीच बोलणी होतात. पण मुलाला समुद्रापलीकडचा मोहल्ला ठाऊक असावा आणि ओढ्यापलीकडची वाडी ठाऊक नसावी, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

असे का झाले? जी गरज आपल्याला जोडत होती ती राहिली नाही. परदेशातून पैसा येतो, तेल पिशवीतून येते, मासळी टेम्पोतून येते. शेती पडीक पडली, कूळ-मालकाचे नाते संपले. कुणब्याचा मुलगा मुंबईला, आपला आखातात, आगऱ्याची जमीन कारखान्याला किंवा शहराला गेलेली. हे सर्व वाईटच झाले असे मी म्हणत नाही. आखाताच्या पैशानेच आपली घरे उभी राहिली, मुली शिकल्या आणि या शाळेच्या खोल्याही बांधल्या गेल्या. पण पूर्वी ओळख आपोआप होत असे. आता ती आपोआप होणार नाही. ती शिकून, जाणूनबुजून करून घ्यावी लागेल. म्हणून मी म्हणतो की हे काम आता शाळेचे आहे आणि पालकांचे आहे.

ओळख नसली की काय होते? ओळखीच्या माणसाविषयी कोणी खोटे सांगितले तर आपण म्हणतो, "छे, तो तसा नाही, मी त्याला ओळखतो." अनोळखी माणसाविषयी मात्र काहीही सांगितलेले खरे वाटते. आज मोबाइलवरून एका क्षणात अफवा गावभर होते. अशा वेळी आपल्या मुलाला ओळखणारा शेजारच्या आळीतला एखादा मुलगा असणे, हे कुलूप-कडीपेक्षा मोठे संरक्षण आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबाग येथे पत्रे उडाले, नारळी-पोफळी आडव्या झाल्या. वाऱ्याने कोणाचे छप्पर कोणत्या जातीचे हे पाहिले नाही. दुबईहून पैसे आले ते नंतर. पहिल्या रात्री झाड तोडून वाट मोकळी करायला शेजारीच हवा होता.

आता मी तुम्हांला तीन कामे सांगतो. तिन्ही साधी आहेत आणि पैशावाचून होण्याजोगी आहेत.

पहिले काम विद्यार्थ्यांचे. प्रत्येकाने या सुट्टीत आपल्या गावाची एक वही करावी. गावात कोणकोणत्या वाड्या आणि आळ्या आहेत, तेथे कोण राहतात, त्यांचे मूळ काम कोणते आणि आता काय करतात, हे लिहावे. आपल्या आजीला बसवून घरातले जुने शब्द विचारावेत. होडीचे, शेतीचे, स्वयंपाकाचे. मग दुसऱ्या आळीतील एखाद्या आजीकडे जाऊन तेच विचारावे. वीस शब्दांपैकी किती जुळतात ते पाहा. जे तुम्ही स्वतः लिहाल ते कोणत्याही गाईडात मिळणार नाही.

दुसरे काम पालकांचे, आणि ते भाषेविषयी आहे. घरात आपण कोकणी बोली बोलतो, शाळेत कोणी उर्दू माध्यमात, कोणी मराठीत, कोणी इंग्रजीत शिकतो. उर्दू अवश्य शिकवा. ती आपली ठेव आहे. परंतु मराठी कच्ची ठेवू नका. तलाठ्याचा उतारा मराठीत, पंचायतीचा ठराव मराठीत, एस.टी.ची पाटी मराठीत, आणि शेजाऱ्याचे सुखदुःखही मराठीत. जो मुलगा या जिल्ह्यात राहून मराठीत नीट अर्ज लिहू शकत नाही तो आपल्याच गावात परका होतो. बेने इस्राएल समाज केवढा लहान! तरी त्यांनी मराठी सोडली नाही आणि आपला धर्मही सोडला नाही. भाषा शेजाऱ्यांची घेतली म्हणून श्रद्धा कमी होत नाही, याचे याहून चांगले उदाहरण आपल्या जिल्ह्यात दुसरे नाही.

तिसरे काम सर्वांत अवघड, म्हणून शेवटी ठेवले. काथ पाडणारे म्हणून कातकरी हे नाव पडले. सरकार दरबारी महाराष्ट्रातील अतिशय मागासलेल्या तीन आदिम जमातींत त्यांची गणना होते. दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडण्यासाठी हे लोक मुलाबाळांसह वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परत येतात. मुलाचे नाव पटावर, मूल भट्टीवर. जून उजाडेपर्यंत तो वर्ग पुढे गेलेला असतो आणि हा मागे राहतो. असे दोन-तीन वेळा झाले की शाळा सुटते. आपल्यापैकी काही जणांच्या भट्ट्या आहेत, काही जणांची वाडीखालची जमीन आहे. माझी त्यांना हात जोडून विनंती आहे: मोठ्यांना कामावर न्या, पण मुलाला आजी-आजोबांजवळ किंवा आश्रमशाळेत ठेवण्यासाठी कुटुंबाला मदत करा. ज्या आपल्या शाळा मराठी माध्यमाच्या आहेत तेथे दरवर्षी वाडीतील चार मुले तरी दाखल व्हावीत आणि ती वर्षअखेरपर्यंत टिकावीत, यावर संस्थेने लक्ष ठेवावे. मागल्या बाकावर नव्हे, आपल्या मुलाच्या शेजारी ती बसावीत. 'आपल्या समाजाचीच मुले अजून पुरती शिकलेली नाहीत, तर दुसऱ्यांचे काय बघायचे?' असे काही जण म्हणतील. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, चार मुलांनी वर्गात जागा व्यापल्यामुळे आपल्या मुलाचा एकही धडा कमी होणार नाही. उलट, ओढा कसा पार करावा, कोणते कंद खावेत, कोणते झाड औषधी, हे त्याला फुकट शिकायला मिळेल.

पालकहो, विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या मेळाव्यात मी तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहे. वाडीतल्या एका माणसाचे नाव सांगा. त्या वेळी वर्गातील सर्वांनी हात वर करावेत, आणि लाकडे आणणाऱ्या बाईचेच नव्हे, तर बाकावर शेजारी बसणाऱ्या सोबत्याचे नाव त्यांनी सांगावे, एवढी माझी इच्छा आहे.